परलोकातली ट्राम

कलकत्त्यात, डमडमला वृंदा वन्संच्या घरी त्या गुरुवारी इतक्या चपला होत्या की जिन्याच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. आमची मराठी माणसं तर होतीच, भवानीपूरहून दोन बस बदलून आलेली. पण खालचे बंगाली भाडेकरू, समोरचा मिठाईवाला, दवाखान्यातला कंपाउंडर, तेही एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून उभे. खिडक्यांना चादरी बांधलेल्या. मधोमध चौरंग, त्यावर पितळेचं घंगाळ उपडं घातलेलं, घंगाळावर भगवं वस्त्र आणि वस्त्रावर कलश.

त्या कलशातून माझा मेलेला भाचा बोलणार होता.

चारुदत्त. वन्संचा एकुलता मुलगा. मुलगी नागपूरला दिलेली, नवरा पूर्वीच गेलेला. सहा महिन्यांपूर्वी चारूला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत पोर संपलं. घरात उरल्या दोन विधवा, सासू आणि सून. सून लीना, तेवीस वर्षांची. चारूच्या कचेरीनं त्याच्या जागी तिला घ्यायचं ठरवलं होतं. एस्प्लनेडला, सरकारी कचेरीत. येत्या सोमवारी हजर व्हायचं, नाही तर जागा गेली. एवढं एकच दार त्या दोघींना उघडं होतं, आणि त्या दारात येऊन बसले होते नादगिरी महाराज.

महाराज गिरनारहून आले म्हणत. दोन महिने वन्संकडेच मुक्काम; कलश आधीही बोलला होता, मी मात्र पहिल्यांदाच ऐकायला आले होते. दाढी काळी, पोट गोरं, आणि बोलणं असं की मराठी, हिंदी, बंगाली यांची खिचडी शिजत राहावी.

"माई, देह म्हणजे मडकं. मडकं फुटतं. पण आतला नाद फुटतो का? बोला, फुटतो का? नाद आकाशात फिरतो. मी त्याला फक्त खाली बोलावतो. तुम्ही पोराला जेवायला हाक मारता ना, तशी!"

पोराला हाक मारली की ताट पोरासमोर लागतं. इथं ताट महाराजांसमोर होतं. वन्संनी केलेल्या पुरणपोळ्या, वर तूप.

माझ्या शेजारी श्रीकांतराव बसले होते. बँकेतले साहेब, पुण्याहून गेल्या वर्षी बदलून आलेले. मला म्हणाले, "शकुनकाकू, यात अंधश्रद्धा काही नाही हं. ध्वनी म्हणजे लहर. लहर कधी नष्ट होत नाही. इंग्रजी पुस्तकात आहे हे."

"कोणत्या पुस्तकात?"

"नाव आत्ता आठवत नाही."

मी चौथीत शाळा सोडली. मला लहरींचं कळत नाही. पण आवाज कुठून येतो ते कळतं, कारण माझी भाकरी त्यावर आहे. माझे यजमान श्यामराव यांनी भवानीपुरात माईकचं दुकान काढलं. एक रेकॉर्ड प्लेअर, एक टेप, एक माईक, एक अँप्लिफायर, दोन कर्णे. ते गेल्यापासून नऊ वर्षं मी चालवते. पूजेचा मंडप असो, लग्न असो, निवडणुकीची सभा असो, पाड्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, बंगाली पोरं मावशी म्हणून हाक मारतात, "ओ माइक-माशीमा!" चिठ्ठ्या वाचत बसणं मला जमत नाही, म्हणून दुकानातल्या प्रत्येक वायरीच्या टोकाला मी दोरा बांधते. रेकॉर्ड प्लेअरच्या वायरीला पिवळा, टेपच्या वायरीला लाल, माईकच्या वायरीला हिरवा, कर्ण्याकडे जाणाऱ्या वायरीला निळा. गाठ माझी, गोधडी शिवताना घालतात तशी दुहेरी. रंग पाहून आंधळ्या माणसानंसुद्धा सेट जोडावा.

आणि आमचा जयप्रकाश, माझा मुलगा, त्याहून पुढं गेलेला. त्यानं एक लाकडी डबी बनवली होती, तीन कळांची. एका बाजूनं तिच्यात प्लेअर, टेप आणि माईक, तिन्हींच्या वायरी जायच्या, दुसऱ्या बाजूनं एकच वायर निघून अँप्लिफायरला. एक कळ हळूच खाली, दुसरी हळूच वर. लग्नात एक गाणं संपायच्या आत त्याच्या पोटातून दुसरं गाणं उगवायचं, मध्ये क्षणभरही शांतता नाही. लोक जेवायचे थांबून बघायचे. मी तोंडावर कधी कौतुक केलं नाही, पण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती डबी दाखवायची.

तर महाराजांनी डोळे मिटले आणि ओंकार सुरू केला. एक, दोन, तीन, लांबलांब. तिसऱ्या ओंकाराच्या मागून कलशाखालून बारीक घुंऽऽ आलं. बायकांनी हात जोडले. मी मात्र जागच्या जागी ताठ झाले. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालू केला की तापायला अर्धा मिनिट लागतो, आणि तापला की तो अस्साच गुरगुरतो. तीन ओंकारांत तो तापतो, हे महाराजांना गिरनारावर कोणी शिकवलं?

मग तंबोरा वाजू लागला. कलशात तंबोरा! आणि तंबोरा जरा मागे सरला तसा आवाज आला.

"आई, रडू नकोस. मी इथंच आहे. तुझ्याजवळ."

चारूच. त्याचाच घोगरा, किंचित नाकातला आवाज. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? वन्सं "बाळा!" म्हणून चौरंगाकडे झेपावल्या. महाराजांनी हात आडवा धरला. "स्पर्श नको माई! नाद तुटेल!"

आणि तेवढ्यात, त्या आवाजाच्या शेपटाला, टण् टण्.

लगेच तंबोरा वर आला. पण मी ऐकलं होतं. ट्रामची घंटा. डमडमला ट्राम येत नाही. कोणीतरी विचारलंच, "ही घंटा कसली?"

"वैतरणीपलीकडचं देऊळ," महाराज म्हणाले, एक पापणी न हलवता.

त्यानंतरचा आवाज वेगळा होता, कुजबुजल्यासारखा. "लीना... आश्रमात जा... सेवा कर... तरच मला गती मिळेल. कचेरीत जाऊ नकोस..." बाहेर दिवेलागण झाली, सगळ्या वस्तीनं दिवे लावले, तसा तंबोरा जड होऊ लागला, म्हशीसारखा रेकू लागला. "आत्म्याला श्रम झाले," महाराज म्हणाले. दिवेलागणीला व्होल्टेज पडलं की आमचा जुना प्लेअर असाच दमतो. त्याला आम्ही कधी आत्मा म्हटलं नाही.

लीना भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पिठासारखा. "मामी," ती मला हळूच म्हणाली, "त्यांनीच तर म्हटलं होतं ना, तू नोकरी कर म्हणून? आजारपणात. मग आता असं का म्हणतात?"

मी उत्तर देणार होते. पण नजर खाली गेली. चौरंगाच्या पायाशी भगवं वस्त्र जरा उचललं गेलं होतं. तिथून एक वायर मोरीच्या भोकातून आतल्या खोलीत जात होती. महाराजांच्या ध्यानाच्या खोलीत, जिथं घरच्या मालकिणीलाही मज्जाव होता. वायरीच्या टोकाला निळा दोरा होता. गाठ दुहेरी.

मी तडक घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जयप्रकाश कर्ण्यांची धूळ पुसत होता. टेबलावर एक नवा रेकॉर्ड प्लेअर होता, आमच्या जुन्याचा जुळा भाऊ शोभेल असा.

"गणपतीतल्या नाटकाचं स्पूल कुठाय?" मी विचारलं.

"असेल फळीवर."

"फळीवर खोका आहे. आतलं चाक नाही. जुना प्लेअर नाही, टेप नाही, अँप्लिफायर नाही, तुझी तीन कळांची डबीही नाही, छोटा स्पीकरही नाही."

"बर्दवानला लग्नाला दिलंय."

"बर्दवानचं लग्न डमडमला लागलं का रे?"

तो फडकं पिळत राहिला. मग एकदम उसळला. "किती वर्षं मागतोय मी तुझ्याकडे? एकसारखे दोन प्लेअर, एका वेगाचे. त्याशिवाय गाण्यात गाणं तालात मिसळत नाही. पार्क स्ट्रीटच्या हॉटेलात काम मिळत होतं मला, दोन प्लेअर नाहीत म्हणून गेलं. तुझं आपलं एकच, एक सेट, एक प्लेअर, एक काम! महाराजांनी न मागता आणून दिला."

"म्हणून चारू देऊन टाकलास? तुझ्या पाठीला पाठ लावून वाढलेला?"

"आत्या जेवायला लागली, आई. चार महिने भाताला शिवली नव्हती. जाऊन विचार तिला."

ते खरं होतं. म्हणून जास्त झोंबलं.

"आणि ती कुजबुज? लीनाला आश्रमात धाडणारी? ती तर स्पुलात नाही. ती कोणाची?"

त्यानं मान खाली घातली. हिरव्या दोऱ्याचा माईक कोणाच्या तोंडाशी होता, ते त्याच्या मानेनं सांगितलं.

"तो आश्रम पाहिलास तू? तिथं बायकांचं काय होतं, विचारलंस?"

"नाही," तो म्हणाला. "पण रविवारचं शेवटचं. मी शब्द दिलाय. मग सोडतो, तुझी शपथ."

"रविवारीच तर तिला घेऊन जाणार आहेत ते."

त्यानं पुन्हा फडकं उचललं.

दोन दिवस मी तोंड शिवून बसले. कबूल करते. महाराजांचं पितळ उघडं पाडायचं म्हणजे माझ्याच दुकानाचं पाडायचं. श्यामरावांचं नाव, नऊ वर्षांचे माझे कष्ट, पोटचा पोर. म्हटलं, पोलिसांत सांगावं? श्रीकांतरावांना सांगावं? कोणालाही सांगितलं तरी वायरीवरचा दोरा माझाच राहणार होता. शनिवारी संध्याकाळी लीनाचा निरोप घेऊन खालच्या मजल्यावरची बंगाली बाई आली, मोडक्या मराठीत म्हणाली: मामी, उद्या जायच्या आधी तुम्हाला नमस्कार करायचा आहे.

नमस्कार करायचा आहे! जसं काही पोर सासरी निघाली.

रविवारी दुपारी मी पुढच्या रांगेत जाऊन बसले. गर्दी गुरुवारच्या दुप्पट. लीनाची ट्रंक दारापाशी, दोरीनं बांधलेली. तीन ओंकार झाले. घुंऽऽ झालं. तंबोरा आला, तंबोरा सरला.

"आई, रडू नकोस. मी इथंच आहे. तुझ्या..."

मी उठले. "महाराज, मलाही चारूशी बोलायचंय."

"बसा माई, नाद तुटेल."

"तुटला तर जोडते. माझा तोच धंदा आहे." मी लोकांकडे वळले. "आता ऐका सगळे. परलोकातलं पुढचं मी सांगते. आता ट्रामची घंटा वाजेल. दोनदा. मग एक बाई शिवी देईल. ती बाई मी आहे. मी तर अजून मेले नाही, पाहिजे तर चिमटा काढून बघा."

कोणी हसलं, कोणी "शांत! शांत!" म्हणालं. श्रीकांतराव म्हणाले, "काकू, लहरींमध्ये अडथळा येईल."

आतल्या दारावर महाराजांचा शिष्य उभा होता, पैलवान. म्हटलं, "बाजूला हो. घर माझ्या नणंदेचं, आतला अँप्लिफायर माझ्या नवऱ्याचा. तू कोणाचा?" तो गोंधळला तेवढ्यात मी कडी काढली.

आत माझा मुलगा बसला होता. कानांना हेडफोनचे काळे डबे लावलेले, समोर डबी, डबीला पिवळा, लाल, हिरवा दोरा. हात कळीवर. मी बाहेर बोलायला लागताच त्यानं टेप थांबवली होती; मला बघून त्यानं लाल दोऱ्याची कळही खाली ओढली. मी त्याचा हात बाजूला केला, टेप सुरू केली आणि कळ पूर्ण वर सरकवली.

बाहेरच्या खोलीत कलश बोलू लागला.

"...तुझ्याजवळ." टण् टण्. आणि मग माझा आवाज, दुरून, पण खणखणीत: "मेली ही ट्राम! ऐन रडायच्या वेळी बरी वाजते!" आणि मग हशा. पन्नास-साठ माणसांचा हशा, त्यात पोरांच्या शिट्ट्या.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये, ट्रामच्या रस्त्याला लागून, गणपतीत नाटक झालं होतं. चारू त्यात लढाईवर निघालेला मुलगा. ते टेपवर मीच भरत होते. वन्संनी ते पाहिलं नव्हतं, त्या मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला होत्या. लीनाचं लग्नच पुढच्या वर्षी झालं.

मी सगळा सरंजाम उचलून बाहेर आणला. खिडक्यांच्या चादरी ओढून काढल्या. कलश उचलला, घंगाळ उलटं केलं. आत स्पीकर, माझ्या तळहाताएवढा.

"लीना, इकडे ये."

ती येईना. मी तिचा हात धरून डबीवर ठेवला. "हा पिवळा दोरा. ही कळ खाली कर." तिनं केली. तंबोरा मावळला. "वर कर." तंबोरा आला. "हा हिरवा." मी माईकमध्ये कुजबुजले, "लीना, कचेरीत जा." घंगाळातून माझी कुजबुज आली, अगदी परलोकातल्यासारखी. लोक मागे सरले. "आता हा लाल."

तिनं लाल कळीवर बोट ठेवलं. घंगाळात चारू बोलत होता, कुठलंसं लढाईचं भाषण. तिनं कळ हळूहळू खाली आणली. तो लहान होत होत गेला आणि थांबला. तिनं पुन्हा वर केली, तो पुन्हा आला. तिनं परत खाली केली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्हणजे ते मला काहीच म्हणाले नाहीत."

"नाही ग. जे म्हणायचं ते तो जिवंतपणी म्हणून गेला. तेच खरं."

महाराज तोवर जिन्यापाशी पोचले होते. चपलांच्या ढिगात त्यांच्या खडावा सापडेनात, म्हणून मिठाईवाल्याचे बूट घालून गेले. मिठाईवाला मागे धावला, आत्म्यासाठी नाही, बुटांसाठी. श्रीकांतराव कपाळ पुसत म्हणाले, "तरी काकू, काही लहरी असतातच हं." मी म्हटलं, "असतील. त्या मोजायला तुम्हाला बँकेनं ठेवलेलं नाही."

लोक हसले. मला हसू आलं नाही. कारण भिंतीशी माझा मुलगा उभा होता आणि सगळी खोली आता त्याच्याकडे बघत होती. कोणीतरी म्हणालंच, "माईकवालीचाच पोरगा!" मी मान खाली घातली नाही. "हो, माझाच," म्हटलं. "डबी त्याची, आवाज माझ्या दुकानातला, दोरे माझ्या हातचे. महाराजांकडे स्वतःचं असं काही नव्हतं. अशा लोकांकडे कधीच नसतं. अवजार आपलं असतं, माणूस आपला असतो, दुःख आपलं असतं. त्यांची फक्त दाढी."

तेवढ्यात वन्संनी माझा पदर धरला. इतका वेळ त्या जमिनीवरच बसल्या होत्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तो लाल दोरा वर कर ना."

"वन्सं, ते नाटक आहे."

"असू दे. आवाज तर त्याचाच आहे ना? खोटा तर खोटा. मी रोज दोन घास खात होते. तू ते पण काढून घेतलंस."

 

त्या दिवसापासून वन्सं माझ्याशी बोलत नाहीत. मी टेप आणि ते स्पूल त्यांच्या घरी पोचवलं. टेबलावर, उजेडात, वायरी उघड्या. लीना लावून देते. ट्रामच्या घंटेपाशी त्या स्वतः बंद करतात, म्हणजे माझा आवाज ऐकावा लागू नये. आमच्या लोकांनी लग्नाला माईक दुसरीकडून आणायला सुरुवात केली. जयप्रकाशनं नवा प्लेअर आपणहून हावड्याच्या पुलावरून गंगेत टाकला आणि मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, "प्लेअरचा काय दोष होता?" त्यानंतर तो डबी घेऊन आसनसोलला निघून गेला. पत्र येतं. शेजारीण वाचून दाखवते.

सोमवारी मात्र लीना कचेरीत हजर झाली. मी एस्प्लनेडपर्यंत तिच्याबरोबर गेले. आमच्यासमोर ट्राम येऊन थांबली, टण् टण्. पोरगी माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली, आणि मग रडली, आणि मग रस्ता ओलांडून गेली.

मी शिकलेली नाही, त्यामुळे तुम्हाला मोठं काही सांगू शकत नाही. एवढंच सांगते. उद्या तुमच्या गावात कोणी कलशातून, मूर्तीतून, नारळातून तुमचं माणूस बोलवील, तेव्हा रडू येईल. ते येऊ द्या, त्यात लाज नाही. पण रडता रडता उठा, खिडकी उघडा, चौरंग सरकवा आणि वायर कुठं जाते ते बघा. ती कोणाच्या तरी खोलीत जातेच. कदाचित तिथं तुमचाच मुलगा बसलेला असेल. तरीही दार उघडा.